सरांच्या घरचा चहा

१९७६ च्या जुलैत मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी रुजू झाले, तेव्हा आईनं दोनच प्रश्न विचारले. सर कुठले? आणि सहाच्या आत घरी येणार ना? विषय कोणता, हे तिनं पुढच्या पाच वर्षांत विचारलं नाही. तिचे प्रश्न अगदी नेमके होते, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली. पीएच.डी. म्हणजे विषय थोडा आणि सर पुष्कळ.

सुनेनं नेलपॉलिश काढायला बाटली उघडली की अ‍ॅसिटोनच्या वासासरशी मी आजही थेट त्या लॅबमध्ये जाते. काचेच्या पट्ट्या आम्ही स्वतः धुवायचो, त्यांच्यावर सिलिका जेलचा पातळ लेप द्यायचो, ओव्हनमध्ये वाळवायचो. एखादीला तडा गेला की अख्खी दुपार फुकट. हल्ली लेप दिलेली तयार अ‍ॅल्युमिनियमची शीट येते, मुलं ती कात्रीनं कापतात. परदेशातला एखादा निबंध हवा असेल तर छापील पोस्टकार्डावर नाव-पत्ता लिहून लेखकालाच पाठवायचं. दोन-अडीच महिन्यांनी पाकीट आलं तर आलं. निबंध एकाला हवा असायचा, पाकिटावरचं तिकीट सगळ्यांना. थीसिसमधल्या रेणूंच्या आकृत्या ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनानं काढायच्या आणि चुकलं की ब्लेडनं शाई हलक्या हातानं खरवडायची. पुढे संसारात मला सर्वांत उपयोगी पडलेलं कौशल्य ते हेच.

या आठवणी माझ्या वयाचा कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते चहाचं.

सर प्रभात रोडला राहायचे. शनिवारी दुपारी लॅब आटपली की आम्ही तीन-चार जण सायकली काढून त्यांच्या घरी जायचो. काकू पोहे करायच्या, वर खोबरं-कोथिंबीर, मग चहा. तिथे विज्ञानाच्या गप्पा क्वचितच व्हायच्या. अमुक नियतकालिकाचा संपादक लांबलचक प्रस्तावना पाहिली की निबंध परत पाठवतो. अमुक प्राध्यापक जर्मनीहून डिसेंबरात येणार आहेत, त्यांच्यापुढे कोणी बोलायचं. हम्बोल्ट फेलोशिपचा अर्ज कधी करायचा, शिफारशीसाठी कोणाची नावं द्यायची. सिनॉप्सिस कधी द्यावा म्हणजे परीक्षक सुट्टीवर जाण्याआधी थीसिस त्यांच्या हातात पडेल. "तू मॅक्सम्युलर भवनात जर्मनचा क्लास लाव," हे सर मला दुसऱ्या कपाच्या वेळी म्हणाले. मी लावला, आणि पुढे जर्मनीला गेले. पोस्टडॉक मला त्या कपातून मिळालं, असं म्हटलं तर माझ्या थीसिसचा अपमान होईल. पण फार होणार नाही.

यातलं एक अक्षर कुठल्याही सूचनाफलकावर लावलेलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला एक मुलगा काम करायचा. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकून आलेला. आम्ही पाच वर्षं शेजारी उभं राहून एकमेकांना 'अहो-जाहो' करत होतो, तो काळच तसा होता. त्याचा हात असा, की व्हॅक्यूम पंप रुसला की वर्कशॉपच्या माणसाआधी त्याला बोलवायचे. पहिल्या सेमिनारला तो फळ्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "पानी काढून टाकल्यावर..." मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. सर चांगल्या हेतूनं, अगदी वडीलकीनं म्हणाले, "पाणी म्हणा." त्यानं 'पाणी' म्हटलं. पुढच्या चार सेमिनारांत तो 'द्रावक' म्हणत राहिला. मराठीतला एक 'ण' माणसाला किती गप्प करू शकतो, ते मी तिथे पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांपुढे घडलं. लक्षात आलं नव्हतं.

तोही एकदा शनिवारच्या चहाला आला. खुर्चीच्या कडेवर बसला, पोहे निम्मे खाल्ले, आणि निघताना स्वतःची कपबशी उचलून मागच्या मोरीवर नेऊन धुवून आला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि कोणी "असू द्या हो" असंही म्हटलं नाही. मला तेव्हा वाटलं, किती नम्र मुलगा! पुढच्या शनिवारपासून त्याला नेमकं काहीतरी काम निघायचं.

मी सदाशिव पेठेतली. आडनाव सांगितलं की सरांच्या घरात दोन पिढ्यांची ओळख निघायची. स्वयंपाकघरापर्यंत मला मुभा होती. म्हणून कपबशीचा अर्थ मला लागला नाही, आणि लावायची गरजही पडली नाही.

१९७८ च्या जुलैअखेर मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, माणसं मारली गेली. शेजारचं टेबल तीन आठवडे रिकामं होतं. हजेरीपटावर लाल शाईत गैरहजेरी लागली. परत आल्यावर सरांनी त्याला खोलीत बोलावून शिस्तीबद्दल सुनावलं. बाहेर आल्यावर त्यानं पंप सुरू केला. लॅबमध्ये रोज वर्तमानपत्र यायचं, पहिल्या पानावर मराठवाडा असायचा. आम्ही मागच्या पानावरचं शब्दकोडं सोडवायचो. पुढच्याच महिन्यात गणपती बसले, तेव्हा दहा दिवस लॅब अर्धी रिकामी होती. त्याची नोंद हजेरीपटावर नव्हती, कारण गणपतीला कोण गैरहजेरी लावतं?

सर वाईट नव्हते. हे मी त्यांची बाजू घ्यायला लिहीत नाही. वाईट असते तर गोष्ट सोपी होती. त्यांनी शेजाऱ्याच्या एका निबंधावर स्वतःचं नाव दुसरं घातलं होतं, पहिलं त्याचं. त्या काळात हे फार कमी गाईड करायचे. पण चहाच्या टेबलावर जे मिळतं तेही गाईडनंच द्यायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनाही ते त्यांच्या सरांच्या ओसरीवर, आपोआप मिळालं होतं.

मी तिथे आत होते, तशी दुसरीकडे बाहेरही होते. मुलींनी सहाला लॅब सोडायची. रात्रभर चालणारी अभिक्रिया असेल तर वडिलांचं पत्र आणायचं. एम.एस्सी. झालेली, चोवीस वर्षांची बाई, आणि वडिलांची चिठ्ठी! बायकांचं स्वच्छतागृह दुसऱ्या इमारतीत होतं, पावसाळ्यात छत्री घेऊन जावं लागे. मुलाखतीत लग्नाचं विचारलं होतं, आणि मीही जणू तो अभ्यासक्रमाचाच भाग असल्यासारखं उत्तर दिलं होतं. मुंबईच्या परिषदेला माझा निबंध दुसऱ्यानं वाचला, कारण मुलीला एकटीला कसं पाठवणार?

आईच्या कपाटात दुर्गा भागवतांची पुस्तकं ओळीनं लावलेली होती. दुर्गाबाईंची धाकटी बहीण कमला सोहोनी ही विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून ओळखली जाते, हे मला माझी स्वतःची पीएच.डी. झाल्यावर कळलं. १९३३ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी होऊन बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. त्यांचे वडील आणि काका याच संस्थेतून शिकून निघालेले रसायनशास्त्रज्ञ. तरी संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा अटींवर घेतलं: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी नाही, गाईड सांगतील त्या वेळी काम करायचं, आणि त्यांच्यामुळे तिथलं वातावरण बिघडता कामा नये. वातावरण बिघडवायची जबाबदारी कायम बाईवरच. गाईड मिळाले श्रीनिवासय्या. ते कडक होते, पण कामाशी काम. पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. रामन यांचंही मत बदललं, हे त्यांच्या नावावर जमा धरायला हवं.

रामन यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या अ‍ॅना मणी यांचा प्रबंध १९४५ मध्ये तयार होता. मद्रास विद्यापीठानं पदवी दिली नाही, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. त्या पुढे हवामान खात्यात आल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या ऑफिसात रुजू झाल्या. पुण्यात त्या इमारतीला सिमला ऑफिस म्हणतात. तिच्यावरून मी पाच वर्षं सायकलनं गेले. देशाच्या हवामान उपकरणांचा पाया घालणारी, पीएच.डी. नसलेली एक बाई तिथे काम करून गेली होती, हे मला कोणी सांगितलं नाही. चहालाही नाही.

गाईड कसा असावा, हे मला शेजाऱ्यानंच एकदा सांगितलं. त्याच्याकडे बाबासाहेबांच्या १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' ची जुनी प्रत होती. त्याला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. कॅनन त्या प्रस्तावनेत सरळ लिहितात की विद्यार्थ्याची मतं मला पटत नाहीत, आणि तरीही त्याच्या विचारांतल्या ताजेपणाचं कौतुक करतात. "बघा," शेजारी म्हणाला, "पटत नाही, आणि प्रस्तावना लिहितोय." तो हसला होता. माझ्या आठवणीत लॅबमध्ये तो मोकळेपणी हसला तो एवढाच. याच्या उलट अनुभव इरावती कर्वे यांचा. बर्लिनला त्यांनी कवट्यांच्या विषमतेवर काम केलं, आणि निष्कर्ष असा काढला की तिचा वंशाशी संबंध नाही. गाईड ऑयगेन फिशर यांना वंशवादाला पोषक असं काही हवं होतं. १९३० मध्ये पदवी मिळाली, पण गुण बेताचेच. त्या पुण्याला परत आल्या, डेक्कन कॉलेजात शिकवलं, आणि स्कूटरवरून गाव पालथं घातलं.

शेजाऱ्याला डॉक्टरेट मिळायला सात वर्षं लागली, मला पाच. त्याचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं. सिनॉप्सिस कधी द्यायचा हे त्याला वेळेत कळलं नाही, एवढंच.

आता आजचं बघा. यूजीसीच्या नियमानुसार पीएच.डी. करणाऱ्या बाईला बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, आणि मुदतीत दोन वर्षं जास्तीची. चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांनाही ती दोन वर्षं मिळतात. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, म्हणजे एका माणसाच्या मर्जीवर सगळं नसतं. प्राध्यापकाला एका वेळी आठच विद्यार्थी घेता येतात. जेआरएफ ही संशोधन फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत. लैंगिक छळाची तक्रार ऐकायला समिती असणं २०१३ पासून कायद्यानंच बंधनकारक आहे. घरच्या जबाबदारीमुळे संशोधन सुटलेल्या बायकांना परत आणण्यासाठी केंद्र सरकारनं २००२-०३ मध्ये योजना सुरू केली. माझा मुलगा १९८६ चा. मी चार वर्षं घरी होते आणि परत आले ती सर्वांत खालच्या पायरीवर. योजना सोळा वर्षं उशिरा निघाली, त्याला सरकार तरी काय करणार!

पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रोहिणी गोडबोले यांनी राम रामस्वामींबरोबर २००८ मध्ये 'लीलावतीज डॉटर्स' संपादित केलं. जवळजवळ शंभर भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या कहाण्या आहेत त्यात. ते पुस्तक मी एका बैठकीत वाचलं आणि पहिल्यांदा कळलं की छत्री घेऊन जाणारी मी एकटी नव्हते. गोडबोले २०२४ च्या ऑक्टोबरात गेल्या. आज अठ्ठावीस वर्षांची मुलगी लॅबमध्ये रात्री दोनला एकटी काम करते आणि वडिलांना फार तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवते. हे पाहून मला जो आनंद होतो, तो स्मरणरंजनात बसत नाही.

तरी काहीतरी गेलंच. पोहे गेले. घरी बोलावणं हल्ली कुणाला सुचत नाही, आणि सुचलं तरी लोक काय म्हणतील याची भीती असते. तीही अगदीच खोटी नाही. सरांचा ग्रुप असतो, त्यावर रात्री अकराला 'प्लीज सेंड अपडेटेड फाइल' येतं. फॉर्म वाढलेत. फेलोशिप महिनोन्‌महिने अडकते आणि मुलं आंदोलनाला मांडव घालून बसतात. चहाच्या कपातलं ज्ञान मात्र अजूनही छापलेलं नाही. ते फक्त प्रभात रोडवरून विमानतळाच्या लाउंजमध्ये गेलंय, परिषदेच्या जेवणात गेलंय, इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलांच्या सहज गप्पांत गेलंय. तेव्हा 'ण' अडायचा. आता तिसऱ्या वाक्याला इंग्रजी अडतं.

निवृत्तीनंतर शनिवारी मी घरी मुलांचे प्रबंध वाचून देते. कोथरूडला, फुकट, चहासकट. त्यांत धडगावकडची एक मुलगी येते, घरची भाषा पावरी. मोहाच्या फुलांतल्या रसायनांवर काम करते. एकदा प्रकरण बाजूला ठेवून म्हणाली, "मॅडम, फुलं कोणत्या पहाटे वेचायची, किती वाळवायची, हे सगळं मला आजीनं सांगितलं. ते आभारात लिहू की पद्धतीत?" मी अडतीस वर्षं संशोधन केलं, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पद्धतीत लिही, म्हटलं. गावाचं नाव घाल, आजीचं नाव घाल, आणि आधी आजीला विचार.

फेब्रुवारीत ती आली ती डोळे सुजवून. होळीला आठ दिवसांची सुट्टी मागितली होती. सातपुड्यात होळीच्या आधी गावोगाव भोंगऱ्या बाजार भरतात, मग होळ्या, रात्ररात्र ढोल. कामाला बाहेर गेलेली माणसं तेवढ्यासाठी घरी येतात. गाईडनं उत्तर पाठवलं होतं की होळीची सुट्टी एकच दिवस असते, आणि समितीच्या अहवालात शेरा मारला होता, 'कामाबद्दल गांभीर्य कमी'. "दिवाळीला मी इथेच होते, मॅडम," ती म्हणाली. "अख्ख्या लॅबमध्ये मी आणि वॉचमन."

मला एकदम लाल शाई आठवली. या खेपेला मी शब्दकोडं सोडवत बसले नाही. तिच्या गाईडला फोन केला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार, सज्जन बाई. तिला मी गणपतीतल्या रिकाम्या लॅबची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मला हे माहीतच नव्हतं हो, आणि मी विचारलंही नाही." आठवडाभरात शेरा बदलला. सुट्टी सहा दिवस मिळाली, आठ नाही.

त्याच रात्री शेजाऱ्याला फोन लावला. मराठवाड्यातल्या एका कॉलेजातून तो निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या हाताखाली नऊ जणांनी पीएच.डी. केली. कपबशीबद्दल मी पहिल्यांदाच बोलले, पंचेचाळीसेक वर्षांनी. माफी मागायची तयारी करून बसले होते. तो म्हणाला, "अहो, तुम्ही विसरला नाहीत, तेवढं पुरे." मग म्हणाला, "मी काय करायचो सांगू? नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी हातात एक कागद द्यायचो. मला कोणी न सांगितलेल्या गोष्टी. अकरा आहेत." त्यानं तो कागद फोटो काढून पाठवला. निळ्या शाईत, सुबक अक्षर. सिनॉप्सिस कधी द्यायचा. शिफारसपत्र कोणाकडे आणि किती आधी मागायचं. नाव कोणत्या क्रमानं येईल हे काम सुरू होण्याआधीच विचारायचं. फेलोशिप अडकली तर कोणत्या टेबलावर जायचं. सेमिनारला कोणी हसलं तर तेच वाक्य पुन्हा त्याच उच्चारात म्हणायचं. अकरावी ओळ: 'माझ्या घरी दर रविवारी चहा असतो. कप धुवायचा नाही.'

मी त्याच्या प्रती काढल्या. धडगावच्या मुलीला दिली, तिनं पेन मागितला आणि खाली बारावी ओळ लिहिली: 'तुमचा मोठा सण कोणता, हे गाईडला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा.' आता माझ्याकडे बारा ओळींची प्रत आहे. वाचणाऱ्यांत कोणी गाईड असेल, किंवा गाईडच्या हाताखाली कोणी असेल, तर कोथरूडला शनिवारी चारनंतर या आणि झेरॉक्स घेऊन जा. पैसे नकोत. तेराव्या ओळीसाठी खाली जागा सोडलेली आहे.